म्हैस गाभडली आणि मालकांचा ताप उतरेना

चोपडा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ते थोडं आटोपशीर करून इथे देते.

"डॉक्टर मॅडम, आमच्याकडे चार म्हशी, दोन गायी आणि सहा महिन्यांची एक वगार आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बाजारातून गाभण म्हैस आणली, ती आषाढात आठव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती मालकांनीच हाताने ओढून काढली. मेलेलं पारडू उकिरड्यावर टाकलं, तिथून कुत्र्यांनी नेलं. श्रावण सरता सरता घरची दुसरी म्हैसही गाभडली. त्याच महिन्यात मालकांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढतो, रात्री घामाने अंथरूण ओलं होतं, सकाळी बरं वाटतं. कंबर आणि गुडघे धरले आहेत. टायफॉइड म्हणून दोनदा सलाईन लावलं. आता एक डॉक्टर टीबीची शंका घेतात. मला वाटतं, हे म्हशीचंच असावं. पण मालक म्हणतात, 'ढोरेस्ना आजार माणूसले थोडाच व्हस!' सून पाचव्या महिन्यात आहे, शेणपाणी आणि एक वेळची धार तीच काढते. दूध डेअरीला जातं आणि गावात चार घरी रतीब आहे. एक व्यापारी दोन्ही म्हशी घ्यायला तयार आहे. काय करावं? गावात बोभाटा झाला तर दूध कोणी घेणार नाही."

ताई, नमस्कार.

तुमची शंका मला रास्त वाटते. म्हैस गाभडली, वार उघड्या हाताने काढली आणि महिन्याभरात संध्याकाळचा ताप लागला, हे एकापाठोपाठ ऐकलं की गुरांच्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा ब्रुसेलोसिस येतो. आपल्या सरकारी कागदांत त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. पत्र वाचून निदान करता येत नाही. म्हैस गाभडायला दुसरी कारणंही असतात, आणि लांबलेल्या तापालाही असतात. पण या एका रोगाची तपासणी झाल्याशिवाय आणखी आठवडा घालवू नका, हे मी ठामपणे सांगते.

या रोगाचा जंतू, ब्रुसेला, गाभण जनावराच्या गर्भाशयात बेसुमार वाढतो. म्हणून गाभडलेलं पारडू, वार आणि त्यानंतर अंगावरून जाणारी घाण यांत तो जितका असतो तितका दुसरीकडे कुठेच नसतो. वार ओढताना तुमच्या मालकांचे हात कोपरापर्यंत त्यात होते. आषाढ म्हणजे निंदणी-कोळपणीचे दिवस, शेतकऱ्याच्या हाताला तेव्हा ओरखडे नसतील असं होत नाही. एवढ्याशा चिरेतून जंतू आत जातो. तोंडावर किंवा डोळ्यात थेंब उडाला, गोठा झाडताना श्वासावाटे आत गेला, तरीही लागण होते. कच्च्या दुधातूनही होते. लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत ताप येतो, कधी काही महिनेही जातात. त्यामुळे माणसाला आषाढातली म्हैस आठवत नाही, आणि दवाखान्यात त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

माझं सगळं म्हणणं या न विचारलेल्या प्रश्नापाशी येतं. आपल्याकडे गुरांचा दवाखाना वेगळा, माणसांचा वेगळा. म्हैस गाभडल्याचं मला सांगतात, ताप आल्याचं माणसांच्या डॉक्टरला सांगतात. दोन्ही गोष्टी एका गोठ्यात घडलेल्या असतात आणि एका माणसाला दोन्ही माहीत असतात. या वेळी ते माणूस तुम्ही आहात. म्हणून मालकांबरोबर तुम्ही स्वतः जा.

जाताना एका कागदावर हे लिहून न्या: "घरी दुभती जनावरं आहेत. आषाढात म्हैस गाभडली, वार हातमोज्याशिवाय हाताने काढली. त्यानंतर दुसरी म्हैस गाभडली. ताप अमुक तारखेपासून, संध्याकाळी चढतो, रात्री घाम, कंबर आणि गुडघे दुखतात. आजवर ही औषधं झाली." खाली म्हणा, "ब्रुसेलाची तपासणी करायची का?" आधीचे सगळे रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. मालकांच्या अंडाला सूज किंवा दुखणं असेल तर तेही सांगा. पुरुष ते लाजून लपवतात, पण या रोगात तसं होतं आणि डॉक्टरला त्यावरून वाट सापडते.

टायफॉइडचं निदान बहुधा विडाल चाचणीवर झालं असेल. ती चाचणी एकटी फार भरवशाची नाही. आपल्या भागात कित्येक निरोगी माणसांचीही ती पॉझिटिव्ह येते. ब्रुसेलासाठी रोझ बेंगाल ही साधी, स्वस्त रक्तचाचणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी करून खात्री करतात, आणि शक्य असेल तिथे रक्तातला जंतू वाढवून पाहतात, म्हणजे कल्चर. कल्चरला रक्त देताना ब्रुसेलाची शंका असल्याचं प्रयोगशाळेला सांगायलाच हवं, कारण तिथे काम करणाऱ्यांनाही त्यातून लागण होऊ शकते. तालुक्याला सोय नसेल तर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि औषधवैद्यक विभागात दाखवा.

टीबीच्या शंकेबद्दल जरा थांबून लिहिते, कारण आपल्याकडे घोळ इथेच होतो. ब्रुसेला मणक्यात उतरला की कंबरदुखी, ताप, वजन घटणं, सगळं टीबीसारखं दिसतं. त्यात टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन हे ब्रुसेलावरही चालतं. मग होतं काय, टीबीचा कोर्स सुरू केला की ताप उतरतो, घरच्यांना वाटतं निदान बरोबर होतं, आणि काही महिन्यांनी दुखणं परत येतं. म्हणून टीबीची औषधं अजून सुरू झाली नसतील तर आधी दोन्ही रोगांच्या तपासण्या करून घ्या. सुरू झाली असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, ब्रुसेलाचं डॉक्टरांना सांगा आणि पुढचं त्यांना ठरवू द्या.

रोग ठरला तर तो बरा होतो, हे मालकांना आधी सांगा. पण औषध लांबतं. सहसा दोन औषधं जोडीने देतात आणि किमान सहा आठवडे देतात. मणका धरला असेल तर तीन महिने किंवा जास्तही. पहिल्या दहा-पंधरा दिवसांतच ताप जातो, अंगात जोर येतो, आणि कपाशीची वेचणी तोंडावर असताना गोळ्या कोण घेत बसणार असं वाटतं. तिथेच रोग उलटतो. नीट कोर्स घेतलेल्यांतही काहींना तो सहा महिन्यांच्या आत परत येतो, अर्धवट सोडणाऱ्यांचं तर विचारूच नका. रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारिंगी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. आणि कोणी एकाच औषधावर किंवा पाच दिवसांच्या इंजेक्शनवर बरं करून देतो म्हणालं तर तिथे पैसे घालू नका.

आता सुनेकडे येते. पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटली. आजपासून तिने गोठ्यात जायचं नाही. शेण नाही, धार नाही, गोठ्यातले कपडे धुणंही नाही. ब्रुसेलामुळे बाईचाही गर्भ पडू शकतो. तिला ताप नसला तरी तिची तपासणी करून घ्या आणि जिथे तिचं नाव नोंदवलं आहे त्या डॉक्टरांना गाभडलेल्या म्हशींचं सगळं सांगा. लागण निघालीच तर गरोदर बाईला चालणारी औषधं वेगळी असतात, त्यामुळे मालकांच्या गोळ्यांतल्या दोन तिला द्यायच्या असला प्रकार घरात होऊ देऊ नका. नवऱ्यापासून बायकोला, घरच्यांपासून घरच्यांना हा रोग सहसा लागत नाही. मालकांचं ताट, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. घरातल्या बाकी ज्यांनी त्या दोन म्हशींच्या वेळी हात लावला, त्यांनाही ताप किंवा सांधेदुखी असेल तर तपासून घ्या. तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाही. तुम्हीही त्या गोठ्यात आहात. तुमचीही चाचणी त्याच दिवशी करा.

सुनेचं काम कोण करणार, हा प्रश्न मला कळतो. मालक आजारी, तुम्ही दवाखान्याच्या खेपा घालणार. मुलाला पुढे करा. धार काढणं बाईचंच काम, असं गायी-म्हशींनी कुठे ठरवलेलं नाही.

दुधाचं असं आहे. जंतू दुधातून येतो, पण उकळीपुढे तो टिकत नाही. दूध एकदा चांगलं वर येऊ द्या, ढवळून पुन्हा वर येऊ द्या, मग ते प्यायला, विरजायला, सुनेलाही चालेल. डेअरीत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून पाश्चराइज होतं, तिथेही जंतू मरतो. धोका कच्च्या दुधाचा आहे. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दूध देणं, चीक तसाच चाटणं, लोणी काढायला न तापवलेलं दूध विरजणं, हे बंद करा. खरवस शिजवलेला असतो, तो खुशाल करा. मात्र त्या दोन म्हशींचं दूध रिपोर्ट येईपर्यंत कोणालाच देऊ नका. आठवडा-दोन आठवड्यांचा तोटा होईल, तो सोसा.

रतिबाच्या चार घरांना सांगायचं की नाही? सांगा. "आमच्याकडे दोन म्हशी गाभडल्या आहेत, तपासणी चालू आहे, त्यांचं दूध तुम्हाला देत नाही, बाकीचं दूध उकळूनच घ्या." इतकं स्पष्ट बोललात तर एखादं घर महिनाभर रतीब बंद करेल. पण उद्या त्यांच्या लेकराला ताप आला आणि तुम्हाला माहीत होतं हे बाहेरून कळलं, तर तो रतीब कायमचा गेला आणि शेजारही गेला. बोभाट्याची तुमची भीती खोटी नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलकडे लम्पी आढळला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा लोकांनी दूध पिणंच सोडलं होतं. लम्पी माणसाला होत नाही, हे सांगता सांगता आम्हा डॉक्टरांचा घसा बसला. जो रोग माणसाला होत नाही त्याला गाव घाबरलं, आणि जो होतो त्याचं नावही कोणाला माहीत नाही. हे बदलायचं तर तुमच्यासारख्या घरांनी बोलायला हवं, दुसरा उपाय मला दिसत नाही.

व्यापाऱ्याचं आता. म्हशी विकू नका, ताई. निदान तपासणी होईपर्यंत तरी त्या दावणीवरून सोडू नका. आखाजीला तुमच्याकडे जी म्हैस आली ती कोणीतरी असंच काही माहीत असून विकली असण्याचा बराच संभव आहे. तीच म्हैस पुढच्या बाजारात गेली की पारोळ्याच्या, शिंदखेड्याच्या, नाहीतर शहाद्याच्या एखाद्या घरात हेच पत्र लिहायची वेळ येईल. कायद्याचंही सांगते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत ब्रुसेलोसिस आहे. जनावराला असा रोग असल्याची शंका आली तर मालकाने कळवणं आणि ते जनावर वेगळं बांधणं बंधनकारक आहे. रोगी असल्याचं माहीत असून जनावर बाजारात नेता येत नाही.

जनावरातला हा रोग औषधाने जात नाही, हेही तुम्हाला खरं तेच सांगायला हवं. म्हशीच्या अंगात जंतू बहुधा जन्मभर राहतो. यातली फसवी गोष्ट अशी की बहुतेक जनावरं एकदाच गाभडतात, पुढच्या खेपेला दिवस भरून व्यायतात, पारडू जिवंत असतं. मालकाला वाटतं, सुटलो. पण त्या वेतालाही वारेत आणि दुधात जंतू असतोच, आणि पुन्हा कोणीतरी उघड्या हाताने वार काढतं. म्हणून "पुढच्या वेळी नीट व्याली तर बघू" हा विचार डोक्यातून काढा. गाय गोशाळेला दिली की प्रश्न मिटला असंही नाही, तिथल्या शंभर गायींत तो जातो.

मग करायचं काय? १९६२ या टोल फ्री नंबरवर पशुवैद्यकीय सेवेला फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून सगळ्याच जनावरांचं रक्त तपासायला सांगा, दोनच म्हशींचं नाही. नमुने पुढच्या प्रयोगशाळेत जातात, पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागापर्यंतही जाऊ शकतात, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागेल. तोवर त्या दोघी गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा. त्यांची गव्हाण, पाण्याची टाकी, बादली वेगळी. त्यांचं काम सगळ्यात शेवटी करा, एकाच माणसाने करा. उरलेल्या दोघी गाभण असतील तर त्यांना या दोघींजवळून चारायला नेऊ नका. गावचा रेडा लावणं थांबवा, कृत्रिम रेतन करा. एखादी बाधित निघाली तर तिचं पुढे काय करायचं हे डॉक्टरांशी बसून ठरवा. म्हैस आणि गाय यांच्याबाबतीत कायदा सारखा नाही, तेव्हा व्यापाऱ्याच्या सल्ल्याने काही करू नका.

पारडू उकिरड्यावर टाकलंत, ते झालं ते झालं. पण उकिरड्याचा तो भाग आणि गाभडली त्या जागेची माती यांत अजून जंतू असू शकतो. कडक उन्हात तो काही तासांत मरतो, ओल्या शेणात आणि सावलीत मात्र महिने काढतो, आणि आपला पावसाळा नुकता सरतो आहे. जागेवरचं शेण-माती आधी फावड्याने काढून खोल पुरा, मग चुना किंवा ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका. फिनेल आणि ब्लीचिंग एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पुढे कधी जनावर गाभडलं तर पारडू, वार, खालचा पेंढा सगळं एका खड्ड्यात. खड्डा पुरुषभर खोल, वर चुना, वर माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून काटेरी फांद्या किंवा दगड. एक तुकडा मात्र पुरण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गाभडण्याचं कारण तिथेच कळतं.

आणि वार अडकली तर ती ओढायची नाही. हे मालकांना, मुलाला, शेजाऱ्यालाही सांगा. जोराने ओढलेली वार म्हशीच्या पिशवीलाही इजा करते, ती नंतर गाभ धरत नाही. डॉक्टरला बोलवा. व्यायच्या वेळी अडलं आणि हात घालावाच लागला तर खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे लागतात. ते औषधाच्या दुकानात, गुरांच्या दवाखान्यात मिळतात, फार महाग नाहीत. प्रत्येक दुभत्या घरात तांदळाच्या डब्याशेजारी त्यांची एक पिशवी असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. नाकातोंडाला उपरणं बांधा, डोळे जपा, काम झालं की हात साबणाने कोपरापर्यंत धुवा, गोठ्यातले कपडे वेगळे उकळा. आम्ही पशुवैद्यकही या रोगातून सुटलेलो नाही. वार काढता काढता आणि लस टोचता टोचता लागण झालेले माझ्या व्यवसायातले लोक मी पाहिले आहेत, त्यांचे धरलेले गुडघे पाहिले आहेत.

शेळ्या असलेल्या घरांसाठी इथेच लिहून ठेवते. साक्रीकडचे ठेलारी, धनगर, सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या शेळ्यावाल्या आयाबाया, यांनी तर जास्त जपावं. शेळ्या-मेंढ्यांमधला ब्रुसेला माणसाला म्हशीतल्यापेक्षा जड जातो. या रोगाचा माग लागला तोही शेळीपासून. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरला तापाने मेलेल्या सैनिकांत हा जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडलं. थेमिस्टोक्लेस झामित या तिथल्याच डॉक्टरने दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या रक्तात त्याची खूण दाखवली. सैनिकांना शेळीचं दूध देणं बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने कमी झाला. १८ वर्षं सगळे हवेला, पाण्याला, घाणीला दोष देत होते आणि शेळी रोज दारात येऊन दूध देत होती.

मालकांच्या म्हणण्याला उत्तर हवं आहे तुम्हाला. त्यांना विचारा, पिसाळलेलं कुत्रं चावलं तर काय होतं? ते ढोराचं दुखणं माणसाला होतंच ना. २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या खानदेशातल्याच नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशात पहिल्यांदा, तेव्हा अंगभर पांढरे कपडे घालून माणसं कोंबड्या मारायला उतरली होती, ते त्यांना आठवत असेल. तिथे माणसाला लागण झाली नाही, पण होऊ नये म्हणूनच ती सगळी काळजी होती.

पिसाळण्याचा विषय निघालाच आहे तर दोन प्रसंग सांगून ठेवते, कारण त्यात आठवडा काय, एक दिवसही थांबायला जागा नसते. गाय-म्हैस लाळ गाळते, गिळता येत नाही, हंबरडा बदलतो. घरच्यांना वाटतं घशात बाठा अडकला आणि कोणीतरी तोंडात हात घालतं. ती पिसाळलेली असू शकते. लाळ हाताच्या चिरेला लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची, डॉक्टर म्हणतील ते सगळे डोस पुरे करायचे. रेबीजची लक्षणं माणसात दिसू लागली की जवळपास कोणी वाचत नाही. दुसरं, जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर ती फाशी, म्हणजे माणसातली काळपुळी असू शकते. ते कापायचं नाही, सोलायचं नाही, हलवायचंही नाही. आधी डॉक्टर. तिचे जंतू मातीत वर्षानुवर्षं, दशकं राहतात.

मालक तरीही दवाखान्यात यायला तयार नसतील, तर सुनेचं नाव पुढे करा. स्वतःच्या दुखण्याला न हलणारा माणूस नातवंडासाठी हलतो. त्यांना सांगा, तुमचं रक्त तपासल्याशिवाय सुनेच्या डॉक्टरला आपल्या घरात काय आहे ते कळणार नाही. हे खरंही आहे.

राहिली वगार. तिच्याबाबत तुमच्या हातात वेळ थोडा आहे, म्हणून शेवटी लिहिते पण काम पहिल्याच दिवशी करा. ब्रुसेलाची लस गायी-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती सरकारतर्फे मोफत आहे. नराला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत. तुमची वगार सहा महिन्यांची आहे, म्हणजे दोन महिने उरले. रक्ताचे नमुने घ्यायला डॉक्टर येतील तेव्हा तिला दाखवा, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरवर लसीची नोंद करून घ्या. लसीतला जंतू जिवंत असतो, तेव्हा वगार धरायला मुलाला उभं करा, त्याच्या हातात मोजे असू द्या, आणि सुई टोचेपर्यंत सुनेला घरातच राहू द्या.